शब्दचर्चा: पाडाव, फेरपाडाव, सोडवणूक आणि सुटका

मूळ प्रश्न

सागरी विम्याच्या इतिहासावरील एका दीर्घ लेखाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. त्यात अठराव्या शतकातील लंडनच्या ‘लॉईड्स लिस्ट’ या पत्रकातील नोंदी जागोजागी येतात. कोणते व्यापारी जहाज कोणत्या बंदराला पोहोचले, कोणते बुडाले आणि युद्धाच्या दिवसांत कोणते शत्रूच्या हाती पडले, हे त्या पत्रकात एकेका ओळीत छापले जाई. नोंदीचा साचा ठरलेला असतो: अमुक जहाज अमुक बंदराकडे जाताना एका फ्रेंच ‘प्रायव्हेटिअर’ने धरले, पुढे ते एका इंग्रज जहाजाने फिरून धरले आणि अमुक बंदरात आणले.

इंग्रजीत हे ‘टेकन’ आणि ‘रीटेकन’ एवढ्यावर भागते. मराठीत मी ‘पकडले’ आणि ‘पुन्हा पकडले’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते जहाज एकाच शत्रूने दोनदा पकडले असे वाटते. ‘परत मिळवले’ लिहावे तर ते मालकाला मिळाले असा अर्थ निघतो आणि तसे प्रत्येक वेळी घडत नसे. ‘प्रायव्हेटिअर’साठी मी ‘चाचे’ लिहिले होते, ते संपादकांनी खोडले. ‘प्राइझ’साठी ‘बक्षीस’ लिहिले आहे, परंतु ते मलाच पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

माझ्या मते ‘चाचे’ हा शब्द ठेवण्यास हरकत नसावी. जहाजावरच्या खलाशाच्या दृष्टीने पाहिले तर तोफा रोखून माल हिरावून घेणारा मनुष्य कोणाच्या नावाने तो माल नेतो, याने काही फरक पडत नाही. शिवाय हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. फार तर ‘परवानाधारक चाचे’ असे म्हणता येईल.

दुसरा प्रतिसाद

ताई, आपल्या संपादकांनी ‘चाचे’ खोडले ते योग्यच केले, असे मला वाटते. वरील प्रतिसादकांचा मुद्दा खलाशाच्या बाजूने खरा आहे. पण आपण ज्या नोंदी भाषांतरित करीत आहात त्या विम्याच्या आणि हक्काच्या नोंदी आहेत, आणि तेथे सगळा व्यवहार त्या परवान्यावरच उभा असतो.

‘प्रायव्हेटिअर’ म्हणजे खासगी मालकाचे, खासगी पैशाने शस्त्रसज्ज केलेले असे जहाज, ज्याला युद्ध चालू असेपर्यंत शत्रूची जहाजे धरण्याची सनद स्वतःच्या सरकारने दिलेली असते. इंग्रजीत त्या जहाजाला आणि त्यावरच्या माणसाला एकच शब्द आहे. मराठीत मी ‘सनदी लढाऊ जहाज’ आणि ‘सनदी कप्तान’ असे वेगळे लिहीन. आपल्याकडे ‘सनदी अधिकारी’, ‘सनदी लेखापाल’ हे शब्द रुळलेले असल्याने ‘सरकारच्या लेखी अधिकाराने काम करणारा’ हा अर्थ वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ‘परवानाधारक चाचे’ हा शब्द मात्र स्वतःशीच भांडतो, कारण ज्याला परवाना आहे तो चाचा नव्हे, हाच तर या कायद्याचा पाया होता.

ही सनद किती महत्त्वाची होती, हे सेंट मालोच्या रॉबर्ट सुर्कूफ या फ्रेंच कप्तानाच्या पहिल्या मोठ्या सफरीवरून कळते. १७९५ साली तो इल द फ्रान्स बेटावरून, म्हणजे आजच्या मॉरिशसवरून, ‘एमिली’ हे जहाज घेऊन निघाला तेव्हा गव्हर्नरने त्याला सनद दिलेली नव्हती. तरीही त्याने बंगालच्या उपसागरात इंग्रजांची जहाजे धरली आणि २९ जानेवारी १७९६ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मूठभर माणसांनिशी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ट्रायटन’ हे मोठे जहाज घेतले. बेटावर परतल्यावर काय झाले? धरलेली जहाजे शत्रूचीच असल्याने ती धरणे वैध ठरले, पण सनद नसल्याने त्यांची किंमत त्याच्या हाती न पडता सरकारजमा झाली. त्याला पॅरिसपर्यंत जाऊन दाद मागावी लागली. शौर्य तेच, जहाज तेच; कागद नव्हता म्हणून हिस्सा नव्हता. पुढे १८०० साली ‘कॉन्फियान्स’ या लहानशा जहाजावरून त्याने कंपनीचे ‘केंट’ हे कितीतरी मोठे जहाज घेतले, तेव्हा मात्र तो रीतसर सनदी कप्तान होता.

आता ‘प्राइझ’कडे वळतो, कारण खरा घोटाळा तेथे आहे. हा शब्द फ्रेंच ‘प्रीझ’वरून आला असून त्याचा अर्थ ‘घेतलेले, धरलेले’ एवढाच आहे. बक्षिसाशी त्याचा येथे काही संबंध नाही, आणि ‘बक्षीस न्यायालय’ असे लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे शाळेचा स्नेहसंमेलनाचा मंच उभा राहील. मराठीत यासाठी घरचा, अगदी नेमका शब्द आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत, याची मला मनापासून खंत वाटते. तो शब्द म्हणजे ‘पाडाव’. बखरींत आणि जुन्या पत्रांत ‘हत्ती, घोडे पाडाव केले’, ‘गलबते पाडाव आली’ अशी वाक्ये येतात, तेथे ‘युद्धात हाती लागलेले’ हाच अर्थ असतो. ‘लूट’ म्हटले की नियम नाही असे वाटते. ‘पाडाव’ म्हटले की युद्ध आहे, शत्रू आहे आणि हाती लागलेल्या वस्तूचा हिशेब पुढे कोणीतरी मागणार आहे. म्हणून ‘पाडाव जहाज’, ‘पाडावाचा हिस्सा’, ‘पाडाव न्यायालय’ असे शब्द करावेत. न्यायालयाने जहाज ‘कंडेम’ केले, असे इंग्रजीत येईल. तेथे ‘निषेध केला’ किंवा ‘मोडीत काढले’ असे चुकूनही लिहू नये. न्यायालयाने ‘पाडाव कायम केला’ असे लिहावे. तोवर ते जहाज केवळ ताब्यात असते, मालकी बदललेली नसते.

हा शेवटचा मुद्दा समजून घेतला की आपले दुसरे क्रियापद आपोआप सापडते. धरलेल्या जहाजावर विजेता आपली थोडी माणसे चढवून ते स्वतःच्या बंदराकडे पाठवीत असे, आणि या वाटेवर काही जहाजे हातची जात. वाटेत दुसऱ्या बाजूच्या जहाजाने ते गाठले, तर घडलेल्या गोष्टीला मी ‘फेरपाडाव’ म्हणेन. ‘फेरविचार’, ‘फेरतपासणी’ यांच्या धर्तीवर. हा शब्द एवढेच सांगतो की जहाज फिरून युद्धात घेतले गेले. ते पुढे कोणाचे, याविषयी तो मौन पाळतो, आणि ते मौनच आपल्याला हवे आहे.

कारण ते कोणाचे, हे देशोदेशी वेगळ्या रीतीने ठरत असे. फ्रान्सच्या १६८१ च्या सागरी अध्यादेशाप्रमाणे आपल्या प्रजेचे जहाज शत्रूच्या हातात चोवीस तास राहिले असेल, तर ते फिरून घेणाऱ्याचे होई आणि मूळ मालकाचा हक्क संपे. चोवीस तासांच्या आत घेतले असेल, तर ते मालकाला परत मिळे, मात्र एक तृतीयांश किंमत सोडवणाऱ्या जहाजाला द्यावी लागे. तेविसाव्या तासाला जे मालकाचे, ते पंचविसाव्या तासाला परक्याचे. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तेथे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत असा कायदा झाला होता की जहाज कितीही दिवसांनी घेतले तरी ते मालकाला परत द्यावे, पण सोडवणाऱ्या सनदी जहाजाचा हिस्सा तासांप्रमाणे वाढावा: पहिल्या चोवीस तासांत एक अष्टमांश, आणि शहाण्णव तास उलटल्यावर थेट निम्मा. १७९३ च्या कायद्याने तासांची ही चढण काढून टाकली आणि राजाच्या आरमाराला एक अष्टमांश, सनदी जहाजाला एक षष्ठांश, असे ठरवले. शत्रूने ते जहाज लढाऊ म्हणून सजवून बाहेर काढले असेल तर मात्र मालकाचा हक्क राहत नसे.

म्हणून ‘परत मिळवले’ या क्रियापदाने निकाल आधीच देऊन टाकू नये. घटना ‘फेरपाडाव’, मालकाला जहाज मिळाले तर ती ‘सोडवणूक’, आणि त्यापायी मालकाने मोजलेली रक्कम, जिला इंग्रजीत ‘साल्व्हेज’ म्हणतात, ती ‘सोडवणावळ’. दळण्याची दळणावळ, घडवण्याची घडणावळ, तशी सोडवण्याची सोडवणावळ. आपल्या सराफाच्या पावतीवर रोज लिहिला जाणारा हा प्रत्यय आहे. त्याला समुद्रावर न्यायला कोणतीच अडचण नाही.

एक प्रत्यक्ष जहाज घेऊन हे शब्द तपासून पाहू. ‘डेव्हिड अँड रिबेका’ हे इंग्रज जहाज न्यूफाउंडलंडहून मासळी भरून स्पेन-पोर्तुगालकडे निघाले होते. वादळात ते सोबतच्या तांड्यापासून तुटले, काही मासळी समुद्रात टाकावी लागली, आणि २३ डिसेंबर १७५६ रोजी फ्रेंचांनी ते पाडाव केले. कप्तान, त्याचा सहायक आणि सगळे खलाशी उतरवून फ्रान्सला नेले. जहाजावर मूळ माणसांपैकी एक उमेदवार पोरगा आणि समुद्राची फारशी माहिती नसलेला एक माणूस, एवढे दोघेच राहिले. आठ दिवस ते फ्रेंचांच्या ताब्यात होते. मग एका इंग्रज सनदी जहाजाने त्याचा फेरपाडाव केला आणि १८ जानेवारीला ते वेल्सच्या मिलफर्ड हेवन बंदरात आणले. तेथे जहाज अडकून पडले असताना उरलेली मासळीही नासली. आठ दिवस म्हणजे शहाण्णव तासांहून कितीतरी जास्त, त्यामुळे सोडवणावळ म्हणून निम्मी किंमत जाणार होती. सफर बुडाली, माल गेला, निम्मे जहाज गेले. मालकाने विमेदारांना, म्हणजे विम्याची जोखीम घेणाऱ्यांना, सांगितले की हे जहाज आता तुम्हीच घ्या आणि मला पूर्ण नुकसानभरपाई द्या. विमेदारांचे म्हणणे होते की जहाज तर सोडवले गेले आहे, मग ते पूर्ण गेले असे कसे म्हणता? न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७५८ साली निकाल मालकाच्या बाजूने दिला. ताई, आपल्या लेखात विम्याचा भाग असल्याने हा खटला त्यात असण्याचा संभव आहे. तेथे ‘जहाज परत मिळाले’ असे भाषांतर केले, तर वाचक विमेदारांच्याच बाजूला जाऊन बसेल.

तिसरा प्रतिसाद

चर्चा फार उपयुक्त झाली आहे, परंतु ‘पाडाव’विषयी दोन शंका मांडतो. पहिली: आज वर्तमानपत्रांत ‘विरोधकांचा पाडाव’, ‘प्रतिस्पर्धी संघाचा पाडाव’ असे वाचायला मिळते, तेथे अर्थ ‘पराभव’ असा असतो. ‘जहाजाचा पाडाव’ वाचून ते जहाज लढाईत हरले, एवढेच लोकांना कळेल. दुसरी शंका घरची आहे. आम्ही मालवणकडचे. माझे आजोबा तांडेल, म्हणजे गलबतावरचे मुख्य खलाशी, होते, आणि ते ज्या मालवाहू गलबतावर होते त्याला आमच्या घरी ‘पडाव’च म्हणत. आजीच्या तोंडी ‘पडाव लागलो’ म्हणजे आजोबा घरी आले, इतका तो आनंदाचा शब्द होता. ‘पडाव’ आणि ‘पाडाव’ शेजारी आले तर किनाऱ्यावरच्या वाचकाचा गोंधळ होईल.

आणखी एक विचारतो. मराठी माणसाला या विषयात पहिले आठवतात ते कान्होजी आंग्रे. इंग्रज कागदपत्रांत त्यांना चाचा म्हटलेले आहे. मग आपल्या व्याख्येप्रमाणे त्यांना ‘सनदी कप्तान’ म्हणावे का?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

आपल्या आजीचा शब्द वाचून आनंद झाला. पहिल्या शंकेचे उत्तर व्याकरणातच आहे. पराभवाच्या अर्थी आपण षष्ठी वापरतो: ‘शत्रूचा पाडाव केला’. जुन्या भाषेत वस्तू हाती लागण्याच्या अर्थी षष्ठी नसते: ‘गलबत पाडाव केले’, ‘जहाज पाडाव झाले’. तेथे ‘पाडाव’ हे ‘जप्त’ किंवा ‘जमा’ या शब्दांसारखे चालते. ‘जहाज जप्त केले’ म्हणतो तसे ‘जहाज पाडाव केले’. मी स्वतः वर ‘त्याचा फेरपाडाव केला’ असे लिहून गेलो, ते चुकले. ‘ते फेरपाडाव केले’ असेच लिहायला हवे होते. हा भेद नेमाने पाळला, तर दोन अर्थ एकमेकांत मिसळणार नाहीत. आपल्या ‘पडाव’विषयी मात्र माझ्याकडे उपाय नाही, आणि खरे सांगायचे तर तो असावा असेही वाटत नाही. ‘पडाव पाडाव झाला’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या माणसाला बरोबर कळेल.

कान्होजी आंग्रे यांना ‘सनदी कप्तान’ म्हणू नये. ते छत्रपतींचे सरखेल, म्हणजे राज्याच्या आरमाराचे प्रमुख होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपले दस्तक घ्यावे, ही त्यांची मागणी राज्यकर्त्याची होती. पोर्तुगीजांनी त्यांच्या आधी दोनशे वर्षे स्वतःचे परवाने याच रीतीने लादले होते. १७१२ साली कान्होजींनी मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची नौका आणि सोबतचे जहाज पाडाव केले आणि पुढच्या वर्षी तहाच्या बोलण्यात तीस हजार रुपये खंड घेऊन माणसे सोडली. ‘खंड’ हा शब्दही आपल्या भाषांतरात उपयोगी पडेल, कारण युरोपातले सनदी कप्तान कधी जहाज बंदरात न नेता समुद्रावरच खंडाचा करारनामा लिहून घेत आणि त्या जहाजावरचा एखादा माणूस ओलीस ठेवून जहाज सोडून देत. ब्रिटनने १७८२ साली आपल्या प्रजेला असा खंड देण्याची मनाई केली.

सनदी जहाजांना आपल्याकडचे साम्य शोधायचेच असेल, तर ते समुद्रावर नसून जमिनीवर आहे. पेंढारी हे फौजेसोबत पगाराविना जात, मिळेल त्यावर निर्वाह करीत आणि त्या मोकळिकीबद्दल सरकारला पालपट्टी भरत. खासगी खर्च, सरकारी मुभा आणि मिळकतीत सरकारचा वाटा, ही तिन्ही अंगे तेथे जुळतात.

पाडाव झालेली सगळी जहाजे फिरून हाती येत, असेही नाही. कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज आंग्र्यांनी पाडाव केले होते आणि ते विजयदुर्गला तुळाजी आंग्रे यांच्या आरमारात उभे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा इंग्रजांचाच एक गोळा त्या जहाजावर पडला, ते पेटले, आणि त्याची आग पसरून आंग्र्यांचे सगळे आरमार जळाले. ज्यांचे ते मूळ जहाज, त्यांच्याच तोफेने ते गेले.

आता जो शब्द राहून गेला तो सांगतो. वर मी ‘सोडवणूक’ म्हटले, ती दुसऱ्याने केलेली. पण कधी धरलेल्या जहाजावरचे मूळ खलाशीच उठतात आणि ताबा घेतात. इंग्रज कायदेपंडित याला ‘रेस्क्यू’ म्हणून वेगळे काढतात, आणि मराठीत हा भेद धातूतच आहे: सोडवतो तो दुसरा, सुटतो तो आपण. म्हणून याला ‘सुटका’ म्हणावे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात एकाच महिन्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. दक्षिणेकडील राज्यांची सनद घेतलेले ‘जेफरसन डेव्हिस’ हे जहाज, जे पूर्वी गुलामांची वाहतूक करताना स्वतःच धरले गेले होते, १८६१ च्या जुलैत उत्तरेच्या किनाऱ्यावर फिरत होते. त्याने ६ तारखेला ‘एन्चँट्रेस’ आणि ७ तारखेला ‘एस. जे. वेअरिंग’ ही जहाजे पाडाव केली, आणि दोन्हींवर आपली माणसे चढवून ती दक्षिणेकडे पाठवली. दोन्हींवरचे आचारी कृष्णवर्णीय होते, आणि दक्षिणेच्या बंदरात त्यांच्या नशिबी गुलामांचा बाजार होता. २२ जुलैला ‘एन्चँट्रेस’ला उत्तरेची ‘अल्बट्रॉस’ ही युद्धनौका भेटली, तेव्हा जहाजाचा ताबा घेतलेली दक्षिणेची माणसे आपण साधे व्यापारी असल्याची बतावणी करू लागली. तोच आचारी जेकब गॅरिक याने समुद्रात उडी घेतली आणि हे जहाज शत्रूने धरलेले आहे, असे ओरडून सांगितले. ‘एन्चँट्रेस’ची ती सोडवणूक. ‘वेअरिंग’वरच्या विल्यम टिलमनला मात्र कोणी भेटले नाही. १६ जुलैच्या रात्री त्याने कुऱ्हाडीने तिघांना ठार केले, बाकीच्यांना आपल्या हुकमात घेतले, आणि नौकानयनाचे शिक्षण नसताना किनाऱ्याच्या अंदाजाने ते जहाज न्यूयॉर्कला आणले. ती सुटका. न्यायालयाने त्याला मोबदला दिला. तो त्या जहाजावरचा नोकर असूनही त्याने केलेले काम नोकरीपलीकडचे होते.

आणि ‘चाचे’ की ‘सनदी’, हा आपल्या चर्चेचा पहिला प्रश्न त्याच प्रकरणात फासाच्या दोरापर्यंत पोहोचला. ‘एन्चँट्रेस’वर सापडलेला प्रमुख, विल्यम स्मिथ, याच्यावर ऑक्टोबर १८६१ मध्ये फिलाडेल्फियाला खटला चालला. दक्षिणेला राज्य म्हणून मान्यता नाही, म्हणून तिच्या सनदेलाही नाही, म्हणून हा चाचा, असे म्हणून ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. तेव्हा दक्षिणेने आपल्या कैदेतले उत्तरेचे अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले आणि स्मिथ व त्याच्यासारखे इतर फाशी गेले तर यांनाही फाशी देऊ, असे कळवले. अखेर उत्तरेने त्या सगळ्यांना युद्धकैदी मानले. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने सनदी जहाजांची पद्धत बंद केली होती, पण अमेरिकेने त्यावर सही केलेली नव्हती.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचे मनापासून आभार. आजच बसून नोंदी नव्याने लिहिल्या. ‘डेव्हिड अँड रिबेका’ खरोखरच माझ्या लेखात आहे, आणि ‘परत मिळाले’ हीच चूक मी तेथे केली होती. आता ती नोंद अशी झाली आहे:

‘डेव्हिड अँड रिबेका, न्यूफाउंडलंडहून मासळी घेऊन येताना फ्रेंचांनी पाडाव केले, आठ दिवसांनी इंग्रज सनदी जहाजाने फेरपाडाव करून मिलफर्ड हेवनला आणले, सोडवणावळ निम्मी.’

मालवणच्या दादांना एक विचारायचे आहे. पडावावर माल भरल्याची पावती मालक तांडेलाला देत असे की तांडेल मालकाला, आणि तिला आपल्याकडे काय म्हणत? त्या कागदासाठीही मी पुढच्या प्रकरणात अडले आहे.